पहिल्या घराचा ‘स्वतःचा हिस्सा’: व्याजदर वर-खाली होत असताना आम्ही पैसे कसे साठवले

डाउन पेमेंट किती लागेल, असं कुणालाही विचारलं की ‘वीस टक्के’ हे उत्तर मिळतं. आम्ही साठवायला बसलो तेव्हा हा वीस टक्क्यांचा आकडा आधी डोक्यातून काढला, कारण ते बँकेच्या बाजूचं गणित आहे. खिशातून जाणारी रक्कम त्याहून बरीच मोठी निघते, आणि तो फरक बुकिंग झाल्यावर कळला तर माणूस वैयक्तिक कर्जाच्या दारात उभा राहतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि ७५ लाखांपुढे ७५ टक्के कर्ज देता येतं. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. घर दहा लाखांच्या आतलं नसेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत. म्हणजे तो सगळा खर्च आपला.

पुणे महापालिका हद्दीतला, बांधकाम चालू असलेला ६० लाखांचा फ्लॅट घेऊ. कर्ज जास्तीत जास्त ४८ लाख, स्वतःचा हिस्सा १२ लाख. मुद्रांक शुल्क स्थानिक संस्था अधिभार आणि मेट्रो अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत न बसणाऱ्या घरावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख. बेरीज १९ लाख ५० हजार, म्हणजे किमतीच्या साडेबत्तीस टक्के. जीएसटी काही बँका किमतीत धरतात, काही नाही. आम्ही तो आपल्याच खिशात धरला, बँकेने दिला तर आनंद. शिवाय बिल्डर ताब्याच्या वेळी एक-दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ मागतो, बँकेची प्रक्रिया फी आणि वकिलाची फी असते, गहाण दस्तावरही दहा-पंधरा हजारांचा मुद्रांक लागतो. या सगळ्यासाठी दीड लाख धरले की आकडा २१ लाखांवर येतो. वीस टक्क्यांच्या हिशोबात तो १२ लाख दिसत होता.

भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे तिथे ३ लाख वाचतात. रीसेलमध्ये मात्र एजंटची दलाली येते. सोसायटीचा हस्तांतरण अधिमूल्य म्हणून जो आकार असतो, त्याला महापालिका क्षेत्रात २५ हजारांची मर्यादा आहे. सोसायटी त्याहून जास्त ‘देणगी’ मागत असेल तर ती ऐच्छिक असते, हे शांतपणे सांगावं. घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, वरच्या उदाहरणात ६० हजार. पुरुष सहमालक झाला की ती सवलत जाते. कर्जात सहअर्जदार राहायला सहमालक असावंच लागतं असं नाही, पण कर्जावरच्या करसवलती सहमालकालाच मिळतात. म्हणून नाव कुणाचं लावायचं हे करारनाम्याच्या आदल्या दिवशी नव्हे, साठवायला सुरुवात करतानाच ठरवलेलं बरं.

या आकड्यात आणखी दोन ठिकाणी भोक पडू शकतं. मुद्रांक शुल्क करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराच्या) मूल्यावर, यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं. जुन्या, पण चांगल्या भागातल्या फ्लॅटमध्ये रेडी रेकनर कधी कधी वर निघतो. दुसरं भोक मोठं आहे: बँकेचं मूल्यांकन. बँकेचा माणूस येतो, लेझर मीटरने खोल्या मोजतो, फोटो काढतो, आसपासचे व्यवहार बघतो आणि आकडा देतो. करारात ६० लाख असले आणि त्याने ५५ लाख लिहिले, तर बँक कमी आकड्यावर ८० टक्के देते, म्हणजे ४४ लाख. चार लाखांचा खड्डा एका कागदाने पडतो, आणि तो भरायला हातात थोडेच दिवस असतात. म्हणून आम्ही किमतीच्या पाच टक्के जादा रकमेला ‘मूल्यांकनाची उशी’ म्हणून वेगळी जागा दिली. टोकन देण्यापूर्वी त्या इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा तपशील) नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर बघून ठेवली की अंदाज येतो.

रीसेलमध्ये विक्रेता ‘दहा लाख रोख द्या’ म्हणाला तर तिथेच थांबावं. कायद्याचा प्रश्न आहेच, पण साधा हिशोबही पुरेसा आहे. ६० लाखांच्या घराचा करार ५० लाखांचा झाला की कर्ज ४८ ऐवजी ४० लाख मिळतं, आणि ते आठ लाख रोखीत आपल्यालाच उभे करावे लागतात.

आता व्याजदर. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग (बदलत्या दराची) गृहकर्जं बाह्य मापदंडाला, म्हणजे बँकेच्या बाहेर ठरणाऱ्या दराला, जोडावी लागतात. बहुतेकांनी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, निवडला आहे. दर तीन महिन्यांत किमान एकदा कर्जाच्या दराची फेररचना होते, म्हणजे तो नव्याने ठरतो. मे २०२० ते मे २०२२ रेपो ४ टक्के होता; तिथून चढत फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५० वर गेला, दोन वर्षं तिथेच राहिला, आणि फेब्रुवारी २०२५ पासून कपात होत जूनमध्ये ५.५० वर आला. वीस वर्षांच्या कर्जात अशा दोन-तीन फेऱ्या होणार, हे गृहीत धरूनच बसायचं. पुढचा पतधोरण निर्णय काय असेल यावर घर कधी घ्यायचं ते ठरवण्यात आम्हाला अर्थ दिसला नाही, आणि त्याचं कारण आकड्यांत आहे. ४८ लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी ४१,६५६ रुपये येतो, सव्वाआठने ४०,८९९. पाव टक्क्याने महिन्याला साडेसातशे रुपये वाचतात. कपातीची वाट बघत थांबलो आणि घर दोन टक्क्यांनी महागलं, तर १ लाख २० हजार गेले. शिवाय कर्ज फ्लोटिंग असेल तर नंतरची कपात आपल्यापर्यंत येतेच. दर खाली येण्याची वाट बघण्यापेक्षा दर वर गेला तर आपण तग धरू का, हे तपासणं महत्त्वाचं.

ते तपासायची आमची पद्धत म्हणजे हप्त्याची रंगीत तालीम. आजचा दर साडेसात असेल तर हप्ता ३८,६६९ रुपये. दोन टक्के वर, साडेनऊने, तो ४४,७४२ होतो. तालीम या दुसऱ्या आकड्यावर करायची: ४५ हजार धरा, त्यात स्वतःच्या घराचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर मिळून महिना चार हजार मिळवा, आणि आज देत असलेलं भाडं वजा करा. भाडं १८ हजार असेल तर उरतात ३१ हजार. हे ३१ हजार पगार जमा होण्याच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या खात्यात गेलेच पाहिजेत. एखाद्या महिन्यात जमलं नाही तर का जमलं नाही ते लिहून ठेवायचं. शाळेची फी, गावाकडचं लग्न, गाडीचा विमा, दिवाळी हे खर्च दरवर्षी येतात, तरी दर वेळी अचानक आल्यासारखे वाटतात. त्यांची वर्षाची बेरीज बाराने भागून बाजूला टाकायला लागलो तेव्हाच तालीम खरी झाली. वर्षभर हा आकडा पेलला नाही, तर घराचं बजेट कमी करायचं, कर्जाची मुदत वाढवून स्वतःला फसवायचं नाही. या पद्धतीत साठवण आणि व्याजदराची भीती हे दोन प्रश्न एकाच कृतीत सुटतात, म्हणून ती आम्हाला सगळ्यात जास्त पटली.

३१ हजारांची मासिक आवर्त ठेव साडेसहा टक्क्यांनी तीन वर्षांत साधारण १२ लाख ३५ हजार होते, पाच वर्षांत २२ लाख. व्याजावरचा कर यातून वेगळा जातो. दर एक टक्क्याने जास्त मिळाला तर तीन वर्षांत फरक पडतो वीस हजारांच्या आत. दरमहा दोन हजार जास्त टाकले तर फक्त मुद्दलच ७२ हजारांनी वाढतं. म्हणजे इतक्या कमी मुदतीत परतावा शोधण्यात शक्ती घालवू नये, हप्ता वाढवावा आणि पैसा सुरक्षित ठेवावा. घराची किंमतही जागेवर थांबत नाही. वर्षाला पाच टक्के वाढ धरली तर पाच वर्षांत ६० लाखांचं घर साडेशहात्तर लाखांचं होतं आणि साडेबत्तीस टक्के म्हणजे जवळजवळ २५ लाख. त्यामुळे पगारवाढीतला निम्मा वाटा दरवर्षी या साठवणीत टाकणं हा पर्याय नाही, गरजच आहे. लक्ष्याचा आकडा आम्ही दर एप्रिलमध्ये नव्याने मांडत होतो, कारण रेडी रेकनरचे नवे दर साधारण १ एप्रिलला लागू होतात.

पैसा कुठे ठेवायचा याबद्दल आमचं मत ठाम आहे: तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअर बाजारात नको. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये निफ्टी काही आठवड्यांत एक तृतीयांशाहून जास्त घसरला होता. त्याच काळात ज्याचा करारनामा होता, त्याला बाजार सावरेपर्यंत थांबा असं बिल्डरने सांगितलं नसतं. पाच वर्षांहून लांबचं लक्ष्य असेल तर काही भाग इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात) ठेवता येतो, पण खरेदी दोन वर्षांवर आली की दर महिन्याला थोडा थोडा काढून मुदत ठेवीत आणायचा.

मुदत ठेव एकच मोठी न करता दीड-दोन लाखांच्या तुकड्यांत केली. मुदतपूर्व मोडली तर बँका बहुधा अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. तुकडे असले की एकच मोडावी लागते. आपल्याकडे सहकारी बँका आणि पतसंस्था जास्त व्याज देतात, ओळखीची माणसं असतात, त्यामुळे मोह होतो. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँक धरून, प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते. अशा वेळी विम्याचे पैसे मिळतील हे खरं, पण तुमच्या टोकनच्या मुदतीत नाही मिळणार. भिशीलाही हेच लागू: वळण कधी लागेल ते आपल्या हातात नाही, आणि बँकेला दाखवायला कागद नाही.

सोनं मोडायचं असेल तर घडणावळ परत येत नाही, हे धरून हिशोब करा. पैसे धनादेशाने किंवा खात्यातच घ्या. पीएफमधून घरासाठी रक्कम काढता येते, पण आधार, पॅन आणि पीएफच्या नोंदीत नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख जुळत नसेल तर दावा परत येतो. ही दुरुस्ती खरेदीच्या वर्षभर आधी करून घ्यावी. आईवडिलांनी मदत केली तर ती खात्यातून खात्यात, सोबत साधं बक्षीसपत्र. जवळच्या नातेवाइकांकडून मिळालेल्या अशा रकमेवर घेणाऱ्याला आयकर नाही. बँक सहा महिने ते वर्षभराची खातेउतारे मागते, आणि अर्जाच्या तोंडावर अचानक आलेली मोठी रोख रक्कम दिसली की प्रश्न सुरू होतात.

या सगळ्यापासून पूर्ण वेगळा असा सहा हप्त्यांएवढा आपत्कालीन निधी हवा. डाउन पेमेंट भरून खातं रिकामं करणारा माणूस पहिल्याच आजारपणात क्रेडिट कार्डावर येतो.

साठवणीच्या शेवटच्या वर्षात लक्ष पात्रतेवर न्यावं लागतं. बँक सगळे चालू हप्ते मिळून उत्पन्नाच्या साधारण चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आत ठेवते. गाडीचा दहा हजारांचा हप्ता चालू असेल तर साडेआठ टक्क्यांच्या हिशोबाने गृहकर्जाची पात्रता साडेअकरा लाखांनी घटते. त्या कर्जाचे दोन लाख शिल्लक असतील तर डाउन पेमेंटच्या पैशातून ते आधी फेडणं फायद्याचं ठरू शकतं. मोबाईलचे बिनव्याजी हप्तेही यात मोजले जातात. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही संस्था वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात. चारही काढा, कारण जुनं फेडलेलं कर्ज एखाद्याच ठिकाणी ‘चालू’ दिसत असतं. दुरुस्तीला वेळ लागतो, आणि बँकेत फाईल गेल्यावर तो वेळ नसतो.

मंजुरीपत्र हातात आलं की बहुतेक जण दर बघतात आणि सही करतात. दराचे दोन भाग असतात: रेपो आणि त्यावर बँकेने लावलेला स्प्रेड. रेपो सगळ्यांना सारखा. स्प्रेड मात्र कर्ज असेपर्यंत सोबत राहतो, म्हणून घासाघीस तिथेच करायची. दोन बँकांची मंजुरीपत्रं समोर ठेवली तर पाव टक्का सुटतो, आणि आपल्या चांगल्या पतगुणांकाचा उपयोग इथेच होतो. गृहवित्त कंपन्यांना बाह्य मापदंडाची सक्ती नाही, त्या स्वतःच्या आधारदरावर कर्ज देतात. तिथे रेपो उतरला तरी आपला दर उतरेलच असं नाही, हे विचारून घ्यावं. मंजुरीपत्राची मुदत साधारण तीन ते सहा महिने असते आणि दर कर्ज वितरणाच्या दिवशीचा लागतो. कर्जासोबत एकरकमी विमा हप्ता कर्जात घालून देतात, तोही नीट बघा: त्यावर वीस वर्षं व्याज भरावं लागतं. त्याऐवजी साधा मुदत विमा वेगळा घ्यावा. आणि घर परवडण्याच्या हिशोबात करबचत धरली असेल तर आपण कोणत्या कररचनेत आहोत ते पाहा. नव्या कररचनेत स्वतः राहण्याच्या घराच्या कर्जव्याजाची वजावट नाही.

पैसे भरायचा क्रमही ठरलेला आहे. रेरा कायद्याच्या (घरबांधणी व्यवसायावर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या) कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डर दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. बँक आपला हिस्सा भरल्याच्या पावत्या बघते, त्यालाच बँकेत ओसीआर म्हणतात, आणि मगच कर्जाचा धनादेश सोडते. म्हणजे बारा लाख आणि मुद्रांक शुल्क आधी आपल्याकडून जातात. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. तो वरचा खर्च नाही, विक्रेत्याच्या रकमेतूनच जातो. मात्र बिल्डरला द्यायच्या प्रत्येक हप्त्यातून तो कापायचा राहिला तर दंड आपल्याला.

मुद्रांक शुल्काच्या दिवशी अडचण येते ती साधी असते. ग्रास या राज्य सरकारच्या ऑनलाइन भरणा प्रणालीवर चार लाख वीस हजारांचं चलन तयार होतं आणि नेटबँकिंगची रोजची मर्यादा दोन लाखांवर अडवते. नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिल्या चोवीस तासांत मोठी रक्कम अनेकदा जात नाही. मर्यादा आठवडाभर आधी वाढवून घ्या, बिल्डरचं खातं जोडून एक रुपया पाठवून बघा. मुदत ठेवीही दोन दिवस आधी मोडा.

बांधकाम चालू असलेल्या घरात ताबा मिळेपर्यंत भाडं आणि हप्तापूर्व व्याज (पूर्ण हप्ता सुरू होण्याआधी वितरित रकमेवर लागणारं व्याज) एकत्र भरावं लागतं. ४८ लाखांपैकी निम्मं वितरण झालं असेल तर साडेआठ टक्क्यांनी महिना १७ हजार व्याज, वर भाडं १८ हजार. तालमीचे ३१ हजार इथे पहिल्यांदा खऱ्या कामाला येतात. ताबा लांबला की हा बोजाही लांबतो, म्हणून महारेराच्या संकेतस्थळावरच्या ताबा तारखेत आम्ही सहा महिने स्वतःच मिळवून धरले होते.

हप्ता सुरू झाल्यावर तालमीचा आकडा सोडू नका. साडेसातने ३८,६६९ जात असतील तर ४५ हजारांतले उरलेले सहा हजार बाजूला साठवत राहा आणि वर्षातून एकदा मुद्दलात भरा. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जाच्या आगाऊ परतफेडीवर दंड नाही. दर वाढला की बँकांची सवय हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवायची असते, आणि ते किती महागात जातं ते बघा: ४८ लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचं व्याजच ३८ हजार होतं. ३८,६६९ च्या हप्त्यातून मुद्दलात जातात ६६९ रुपये, आणि कर्ज वीसऐवजी बेचाळीस वर्षांच्या वर जातं. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार फेररचनेच्या वेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे निवडण्याचा हक्क कर्जदाराला आहे, आणि बँकेने बदल कळवणं बंधनकारक आहे. तो संदेश आला की त्याच आठवड्यात शाखेला ईमेल करा: कर्ज खाते क्रमांक, ‘हप्ता वाढवावा, मुदत तीच ठेवावी’ हे एक वाक्य, आणि सुधारित परतफेड तक्त्याची मागणी. तक्ता आला की शेवटच्या हप्त्याची तारीख जुन्या तक्त्याशी ताडून बघा.